चाक थांबलं तिथं रेघ

टायरच्या दुकानात किस्से आपोआप जमतात. कारण साधं आहे. तिथं कुणी हौसेनं आलेलं नसतं आणि कुणाला लगेच निघताही येत नाही. गाडी जॅकवर चढली, चाक निघालं, की माणूस अडकला! मग चहा येतो आणि चहाबरोबर तोंड उघडतं. दुकानामागे जुने टायर कुणी मुद्दाम रचत नाही, तरी ढीग छपराला टेकतो. किश्श्यांचंही तसंच.

आदिलाबादच्या टोकाला पोशन्नाचं दुकान आहे. त्याच्या समोरच्या बाकावर मी दोन-अडीच वर्षं बसतोय. त्यातलेच थोडे सांगतो. आधीच कबूल करतो, मी काही तटस्थ माणूस नाही. आज माझी गाडी माझ्या दारात उभी आहे ती या बाकावरच्या माणसांमुळे. तेव्हा कौतुक जरा जास्त झालं तर गोड मानून घ्या.

पोशन्ना साठीच्या पुढचा आहे. घरी तेलुगू, दुकानात आमची मराठी, आणि गिऱ्हाईक भांडायला लागलं की हिंदी! चौपदरी रस्ता झाला तेव्हा जुन्या रस्त्याचा एक तुकडा त्याच्या दुकानापुढे उरला. आधी हलका उतार, मग लांबलचक सपाट, आणि शेवटी मातीचा ढिगारा टाकून बंद केलेला. त्याच्यावर ना रहदारी, ना कुणाचं लक्ष. पोशन्नानं तो आपलासा केला.

कुणी आलं आणि म्हणालं, "गाडी ॲव्हरेज देत नाही," की तो बॉनेट उघडतच नाही. गाडी उताराच्या डोक्यावर न्यायला लावतो. "न्यूट्रल टाक, इंजन बंद कर, चावी राहू दे, ब्रेक सोड." गाडी आपली आपण घरंगळते, सपाटीवर येते, दमते आणि थांबते. पुढचं चाक थांबलं की पोशन्ना पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन जातो, तिथं वीतभर रेघ मारतो आणि बाजूला तेलुगूत मालकाचं नाव लिहितो. चाक जड फिरत असेल तर गाडी अलीकडेच बसते, हलकं फिरत असेल तर लांब जाते. बस्स, एवढीच तपासणी. टायर कोणता, हवा किती, चाक सरळ आहे का, सगळं त्या रेघेत आलं.

"गाडी पळते इंजनानं," तो म्हणतो, "पण पिते चाकानं."

रस्ता ओला असला की तपासणी नाही, वारा सुटला की तपासणी नाही. आणि एक नियम पक्का: चाक थांबलं तिथं रेघ. बोटभर पुढं नाही, बोटभर मागं नाही.

*

बाकावरचे सगळ्यात जुने रज्जाकभाई. बोथ गावाकडून जीपमध्ये सवाऱ्या आणतात. माणूस इतका मायाळू की सवारीला झटका बसू नये म्हणून चारी टायरांत हवा मुद्दाम कमी ठेवायचे. "बूढ़े लोगां बैठते जी, झटका नक्को!" जीप गादीसारखी चालायची. डिझेल मात्र असं संपायचं की रज्जाकभाईंना टाकीला भोक असल्याचा संशय यायचा. दोनदा टाकी उतरवून पाहिली. भोक नव्हतं.

पोशन्नानं जीप उतारावरून सोडली. उतार संपला न संपला तोच ती बसली!

पोशन्नानं टायरावर अंगठा दाबला. "रज्जाकभाई, तुमी जीप नाई, पाळणा चालवून राह्यले. पाळणा हलवाले कोणी ना कोणी लागतेच. तुमचं डिझेल हलवते."

दरवाजाच्या आतल्या चिठ्ठीवर जेवढी लिहिलेली होती तेवढी हवा भरली. जीप पन्नास-साठ पावलं पुढं गेली. रज्जाकभाई खूश!

दुसऱ्या दिवशी मात्र बोथकडची एक म्हातारी, जी रोज दुसऱ्या वळणापासून घोरायची, ती आदिलाबादपर्यंत टक्क जागी. उतरताना विचारते, "काऊन रे रज्जाक, एका राती सडक कोणं खोदली?" रज्जाकभाईंनी हवेचं सगळं समजावून सांगितलं. म्हातारीला पटेना. ती थेट कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाकडे गेली आणि रस्ता खराब झाल्याची अर्जी लिहवून कचेरीत देऊन आली!

महिना झाला असेल. एक दिवस खरोखरच माणसं आली आणि त्या वाटेवरचे खड्डे बुजवून गेली. रज्जाकभाई अजून सांगतात, "हवा मैं भराया, गड्ढे अम्मा ने भराए!"

*

आता माझं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमचं गाव पेनगंगेच्या अलीकडे. घरचा भाजीचा मळा. वांगी, टमाटे, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, रोज आदिलाबादच्या बाजारात न्यायची. घरी चांद्या आणि हौशा अशी बैलजोडी होती. ती विकून मी जुनी पिकअप घेतली. बाबांनी हो म्हटलं होतं, पण नुसतं तोंडानं. मान हलली नव्हती.

गाडी आली आणि मी पहिलं शहाणपण केलं. शेताच्या वाटेवर काळ्या मातीचा चिखल असतो म्हणून, आणि खरं सांगायचं तर रुबाब म्हणून, गाडीच्या मापापेक्षा मोठे, रुंद, खोल खाचांचे जाडजूड टायर बसवले. गावातली पोरं म्हणाली, "वाघ दिसते गाडी!" दिसायला वाघ आणि खायलाही वाघच! पंपावरून निघालो की पुन्हा पंपच आठवायचा.

बाबा एवढंच म्हणायचे, "बैल घरचा कडबा खायचे. हिचा कडबा पंपावर पिकते."

मग पोळा आला, बैलांशिवायचा पहिला पोळा. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलाच्या खांद्याला कोमट तूप-हळदीनं शेकायचं, चोळायचं आणि उद्या जेवायला या म्हणून सांगायचं. आमचा गोठा रिकामा. बाबा त्या रिकाम्या गोठ्यात जाऊन बसले, ते बाहेर आलेच नाहीत. आईला सण मोडवेना. तिनं वाटी घेतली आणि पिकअपच्या चारी टायरांना तूप-हळद चोळली! बरं, मनापासून चोळली, आतून बाहेरून!

सकाळी मी तशीच गाडी घेऊन निघालो. वाटेतली सगळी धूळ त्या तुपाला चिकटली. पोशन्नाच्या दुकानापुढे थांबलो तेव्हा गाडीला चार पुरणपोळ्या लावल्यासारखं दिसत होतं. बाक हसून हसून आडवा!

पोशन्ना हसला नाही. त्यानं बादली आणि साबण घेतला, खाली बसला आणि चारी चाकं स्वतःच्या हातानं धुतली. मग माझ्या फोनवरून आईशी बोलला. "अक्का, रबर तूप खात नाई, तूप रबराले खाते. तुमची माया वाया नका जाऊ देऊ. ते तूप पोळ्यायले लावा आन् पोळ्या मले पाठवा!"

तेव्हापासून आमच्या घरून दर सणाला बाकासाठी डबा जातो.

*

त्याच आठवड्यात बाबा दुकानावर आले. आले म्हणजे बसनं आले. गाडीत बसायचं नाही हे त्यांचं ठरलेलं. आले तेव्हा रज्जाकभाईंची जीप उतारावरून सुटली होती. बाबा ती थांबेपर्यंत बघत राहिले. मग एकेका रेघेपाशी जाऊन उभे राहिले. मी ओळखलं, त्यांना हे आवडलं. कागदावरचे आकडे बाबांना कधी पटत नाहीत. बैल पारखायचा तोही चालवून, असा माणूस.

"आमची सोड," ते पोशन्नाला म्हणाले.

माझा वाघ सुटला. मोठ्या टायरांचा घूं घूं आवाज करत आला आणि बसला.

"अशीच गाडी नीट ठेवली तर कुठवर जाते?"

पोशन्नानं पुढचा विजेचा खांब दाखवला. "त्या खांबालोक."

बाबा रेघेपासून खांबापर्यंत चालत गेले. अठरा पावलं. परत आले आणि माझ्याकडे न बघता बोलले, "पुढच्या पोळ्यालोक हे चाक खांबाले लागलं तर गाडी राह्यते. नाई तर गाडी इकून जोडी आणतो."

गाडी गेल्यावर मी काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. माझ्या मामाचं हैदराबादला किराणा दुकान आहे आणि तिथं काट्यावर बसायला घरचा माणूस पाहिजे, हे मामा प्रत्येक लग्नात सांगतो. मळा सोडून त्या काट्यावर मला मुळीच बसायचं नव्हतं.

*

सुनंदा मॅडमचा किस्सा सांगितला नाही तर त्या मला बाकावर बसू देणार नाहीत.

मॅडम सीमेवरच्या एका गावात मराठी शाळेत शिकवतात. जायला यायला स्कूटर. मागचा टायर गुळगुळीत झाला तेव्हा कुणीतरी सांगितलं, "मॅडम, चांगला ग्रिपवाला घ्या, पडायची भीती नाही." मॅडमनी घेतला तो इतका ग्रिपवाला की डोंगर चढावा! तेव्हापासून शनिवारपर्यंत पुरणारं पेट्रोल गुरुवारीच संपायला लागलं.

मॅडमचा हिशोब शिक्षकाचा. पेट्रोल कमी झालं म्हणजे कुणीतरी काढलं. घरात संशय घ्यायला एकच माणूस, धाकटा दीर. त्याच्या मोटरसायकलला पेट्रोल कधी कमी पडत नाही, हा पुरावा! मॅडमनी स्कूटर साखळीनं खांबाला बांधली. पेट्रोल जातच राहिलं. सासूबाईंना दुपारी स्कूटरपाशी खाट टाकून बसवलं. त्या बसल्या, आणि संध्याकाळी म्हणाल्या, "सूनबाई, मांजरीशिवाय कोणी नाई आलं."

शेवटी मॅडम पंक्चर काढायला म्हणून पोशन्नाकडे आल्या. मॅडमसकट स्कूटर उतारावर सुटली आणि बसली. पोशन्नानं मागचं चाक हातानं फिरवून पाहिलं. "मॅडम, चोर सापडला. चाकातच बसून हाय. डोंगराचा टायर लावून तुमी डांबरावर चालून राह्यल्या, तो सगळ्या रस्त्याले धरून धरून चालते."

मॅडमनी मापाचा, रस्त्यावरचा टायर बसवला. पेट्रोल पुन्हा शनिवारपर्यंत. आता दिराची माफी मागायची कशी? त्या संध्याकाळी किलोभर जिलेबी घेऊन गेल्या आणि घडलं ते सगळं सांगितलं. दिरानं निम्मी जिलेबी संपवली, हात पुसले आणि विचारलं, "वहिनी, समोरचा टायर कवा बदलता?"

*

आमच्या बाबांच्या हट्टाचाही एक किस्सा आहे. तो मी त्यांच्यासमोर सांगत नाही.

मी भाजी पिकअपमध्ये भरून निघायचो. बाबा सांबाराची एक टोपली वेगळी काढायचे आणि ती घेऊन बसनं यायचे. एकच घर, एकच बाजार, एकच रस्ता! वाटेत मी बसच्या पुढं जायचो तेव्हा खिडकीत बसलेले बाबा दुसरीकडे बघायचे.

एकदा त्या बसचं चाक वाटेत पंक्चर झालं. मी गाडी थांबवली. सगळ्या सवाऱ्या उतरल्या आणि माझ्या पिकअपमध्ये वांग्यांच्या मधेमधे जागा करून बसल्या. कंडक्टरसुद्धा म्हणाला, "मारोतीभाऊ, जा ना पोराच्या गाडीत!" बाबा खिडकीतून हलले नाहीत.

ते दुपारी बाजारात पोचले. ऊन लागून सांबाराची पार भाजी झाली होती. घरी परतल्यावर आई म्हणाली, "अवो, काऊन असं करता?"

बाबांनी टोपली खाली ठेवली. "आज बसमधी जागा लई चांगली भेटली."

*

पोशन्नाच्या नियमाला मात्र कुणी जागेवरून हलवू शकलं नाही. त्याचा जावईही नाही.

जावई मंचेरियलला असतो. नवीन मोठी गाडी घेतली तशी सासऱ्याला दाखवायला आणली. बाक सगळा उठून उभा राहिला. जावई सासऱ्याला म्हणाला, "मामा, माझी पण रेघ मारा." गाडीचे कंपनीचे टायर काढून त्यानं बाहेर निघालेले रुंद टायर लावले होते. सुटली, आणि बसली कुठं? रज्जाकभाईंच्या खटारा जीपच्या अलीकडे!

पोशन्ना डबा घेऊन गेला आणि रेघ मारली. नावही लिहिलं.

जावई हसत म्हणाला, "मामा, जीपच्या थोडी पुढं मारा ना. कोण बघतंय?" पोशन्नानं डब्याला झाकण लावलं. थोड्या वेळानं मुलीनं बापाला फोन लावला. "नान्ना, एक फूट सरकवली तर तुमचं काय जाते?" पोशन्नानं फोन ठेवला. पोशन्ना जेवायला घरात गेला तेव्हा जावयानं स्वतःच डबा घेतला आणि जीपच्या पुढं दुसरी रेघ मारली. पोशन्ना हात धुऊन बाहेर आला, ती बघितली, रॉकेलचा बोळा घेतला आणि गुडघ्यावर बसून घासून घासून पुसली. भर उन्हात, जावयासमोर!

मग उठून एवढंच बोलला, "जावईबापू, गाडी तुमची हाय. रेघ चाकाची हाय."

पुढच्या सणाला जावई बसनं आला.

*

माझी रेघ वर्षभर खांबाकडे सरकत होती. कशी, ते सांगतो. पोशन्नानं सगळ्यात आधी ते वाघाचे टायर उतरवले. ढिगातून चार टायर काढले, माझ्या गाडीच्या मापाचे, सरळ खाचांचे, अर्धे वापरलेले. "घेऊन जा. चालवून पाह्य. पैशाचं मग बोलू." ते बोलणं त्यानं अजून काढलेलं नाही. अठरा पावलांची नऊ झाली.

दसऱ्याला मी सोनं द्यायला गेलो. त्यानं आपट्याचं पान घेतलं आणि माझ्या हातावर हवा मोजायचं मीटर ठेवलं. "रोज सकाळी, गाडी थंड असताना." नवाची पाच झाली. संक्रांतीच्या सुमाराला त्यानं पुढच्या टायरांवर हात फिरवला. आतल्या कडा जास्त झिजल्या होत्या. "दोन्ही चाकं एकमेकाकडं पाहून चालून राह्यले," म्हणाला, आणि अलाइनमेंट करून घेतली. पाचाची दोन झाली.

आणि तिथं अडली. उन्हाळा गेला, मृग गेला, तरी दोन पावलं ती दोन पावलं!

त्याच दिवसांत कापसाचे अडते बापूराव आले. त्यांच्या कारचे टायर टकलासारखे गुळगुळीत. पण गाडी सुटली ती आमचा खांब ओलांडून गेली! मी बघतच राहिलो. पोशन्ना म्हणाला, "घासलेला टायर हलकाच पळते. पण बापूरावजी, पावसात ब्रेक मारसाल तर गाडी आयकणार नाई. बदला."

बापूराव म्हणाले, "असं ॲव्हरेज परत कुठं भेटंल?"

"सोर्गात," पोशन्ना म्हणाला. "आन् ह्याच टायरावर गेले तर लवकर भेटंल!"

बापूरावांनी जागेवर चारी टायर बदलले. उतरवलेले टायर मागच्या ढिगावर पडले आणि माझी नजर त्यांच्यावर. माप तर जुळत नव्हतं, पण त्या ढिगात माझ्या मापाचे तसलेच गुळगुळीत चार सापडले असते. बाक रिकामा होईपर्यंत थांबलो आणि पोशन्नाला हळूच म्हणालो, "एका दिवसापुरते लावून दे. बाबांनी बघितलं की लगेच काढू."

पोशन्ना पाना पुसत होता. त्यानं तो खाली ठेवला. मग म्हणाला, "गजू, तुले पाह्यजे ते टायर या दुकानातून घेऊन जा. पण बापाले फसवाचे टायर मी ठेवत नाई."

मला इतकी लाज वाटली की दोन दिवस तिकडे गेलो नाही. तिसऱ्या दिवशी रज्जाकभाईच घरी आले. मी नुकताच बाजारातून परतलो होतो. ते गाडीभोवती फिरले, मागच्या डाव्या चाकाला हात लावला आणि ओरडले, "या अल्ला!" चाक चांगलंच तापलं होतं. ब्रेक आतून घासत होता. एवढे दिवस मी ब्रेक लावून गाडी चालवत होतो! पोशन्नानं चाक उघडून ब्रेक मोकळा केला. पण मग जो पाऊस लागला तो लागलाच. रस्ता ओला, तपासणी नाही.

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी ऊन पडलं. दहापर्यंत रस्ता खडखडीत वाळला. वाराही नव्हता.

बाकावरचे सगळे आले. रज्जाकभाईंनी एक खेप सोडली होती. सुनंदा मॅडमनी अर्धी रजा टाकली होती. बापूराव नव्या टायरांवर आले होते. बाबा बसनं आले, पिशवी काखेत घेऊन सरळ खांबापाशी गेले आणि तिथं उभे राहिले.

मी गाडी उताराच्या डोक्यावर नेली. न्यूट्रल टाकलं, इंजन बंद केलं, ब्रेक सोडला.

गाडी घरंगळली. टायरांचा आवाज नव्हता. सपाटीवर आली. दोन पावलांवरची आमची जुनी रेघ मागं टाकली तेव्हा मॅडमनी टाळी वाजवली. मी स्टिअरिंग धरून नुसता खांबाकडे बघत होतो. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि थांबली.

खांबाच्या अलीकडे. दोन वीत.

रज्जाकभाईंनी टोपी काढून हातात घेतली. मी खाली उतरलो नाही. पोशन्ना डबा घेऊन आला, चाकापाशी उकिडवा बसला आणि ब्रश पेंटमध्ये बुडवला.

"थांब," बाबा म्हणाले.

ते खांबापासून चालत आले. चाकाकडे बघितलं, मग खांबाकडे. मला वाटलं, आता हातानं मोजतील. त्यांनी पिशवी रस्त्यावर ठेवली आणि गाडीच्या मागं गेले. आरशात मला त्यांचं पागोटं तेवढं दिसलं. मागच्या फाळक्याला त्यांनी उजवा खांदा लावला.

"गजू, ब्रेकवर पाय ठेवू नोको."

गाडी हलली. एक वीत, मग दुसरी. चाक खांबाच्या बरोबर आलं आणि थांबलं.

बाबा मागून आले. खांद्यावर गाडीचा चिखल लागला होता, तो त्यांनी झटकला नाही. "मार रेघ, पोशन्ना."

सगळे पोशन्नाकडे बघायला लागले. जावयासाठी एक फूट न सरकलेला माणूस! त्याच्या ब्रशवरून पेंटचा थेंब रस्त्यावर पडला. त्यानं चाकाकडे बघितलं. मग वर बघितलं.

"चाक थांबलं काय, मारोतीभाऊ?"

"थांबलं."

पोशन्ना दोन वीत सरकून खांबापाशी उकिडवा बसला, रेघ मारली आणि बाजूला नाव लिहिलं. माझं नाही, बाबांचं.

बाबांनी पिशवी उचलली. बसच्या थांब्याकडे न जाता गाडीला वळसा घातला, डावीकडचा दरवाजा उघडला आणि माझ्या शेजारी येऊन बसले. पिशवी मांडीवर घेतली.

"चाल घरी," म्हणाले. "आज खांदशेकणी हाय."